गिमवीची हिस्ट्री



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग घरात पाहुणे होते, मग नुसताच आळस. दोन-तीन जणांनी फोन करून "काका, लिहिणं बंद केलं का?" असं विचारलं, तेव्हा लाज वाटली. आजचा विषय जरा वेगळा आहे. जेवताना वाचू नका, एवढंच आधी सांगून ठेवतो :)

माझा नातू (मुलीचा मुलगा) एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आठ दिवस बदनापूरला आला होता. येताना पुस्तकांची एक पिशवी घेऊन आला आणि दिवसभर ओसरीवर लोळत वाचत होता. एके दिवशी दुपारी मला म्हणाला, "आबा, तुम्ही इतिहास शिकवायचे ना? मग सांगा, गिमवी कशासाठी प्रसिद्ध आहे?"

मी डोक्याला ताण दिला. गिमवीची लढाई? ऐकली नाही. गिमवीचा तह? तोही नाही. किल्ला म्हणावा तर तसा किल्ला आठवेना. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे नाव कधी समोर आलं नव्हतं. शेवटी हरलो म्हटल्यावर त्याने पुस्तक पुढे केलं. ते परजीवींचं पुस्तक होतं. माणसाच्या शरीरात राहणाऱ्या चपट्या कृमींचं प्रकरण, त्यात शिस्टोसोमियासिस नावाचा रोग, आणि त्या रोगाच्या माहितीत एक ओळ. आफ्रिका आणि अरबस्तानातल्या या रोगाचा भारतातला एक ठिकाणा म्हणजे महाराष्ट्रातल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव.

परीक्षेत हा प्रश्न विचारतात म्हणे. मुलं "गिमवी, रत्नागिरी" एवढं पाठ करतात आणि पुढे जातात. नातूही पुढे गेला. मी मात्र त्या ओळीपाशी अडकलो. एक अख्खं गाव, त्यातली माणसं, आणि त्यांची जगातली ओळख काय, तर एका कृमीचं नाव! हे कसं घडलं असेल? मग नातवाला आठ दिवस छळलं. त्याची सुट्टी वाया गेली आणि माझा अभ्यास झाला.

आधी कृमी म्हणजे काय ते सांगतो. जंत आपल्याला माहीत असतात, ते दोऱ्यासारखे गोल. हे चपटे असतात. यांच्यातले पुष्कळसे पानासारखे दिसतात म्हणून मराठीत त्यांना पर्णकृमी म्हणतात, आणि डॉक्टर लोक फ्लूक म्हणतात. कुणी यकृतात राहतो, कुणी फुप्फुसात, कुणी आतड्यात, तर शिस्टोसोमा चक्क रक्तवाहिनीत. हा मात्र पानासारखा नाही, साधारण एक सेंटीमीटर लांबीचा, बारीक. नराच्या अंगाला लांब पन्हाळीसारखी खाच असते आणि मादी त्या खाचेत राहते. मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये हे जोडपं वर्षानुवर्षं संसार करतं. मादी रोज शेकड्याने अंडी घालू शकते. त्या अंड्याच्या एका टोकाला काटा असतो. काही अंडी मूत्राशयाची भिंत भेदून लघवीवाटे बाहेर पडतात, आणि सोबत रक्त येतं. उरलेली शरीरातच अडकतात, भोवती गाठी धरतात, आणि खरं नुकसान तीच करतात. वर्षानुवर्षं हे चाललं की मूत्राशय, मूत्रपिंडं खराब होतात. मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

बाहेर पडलेलं अंडं ओढ्याच्या, तळ्याच्या पाण्यात गेलं की फुटतं. त्यातून निघालेली सूक्ष्म अळी एका ठराविक जातीच्या गोगलगाईत शिरते. तिच्या पोटात ती एकाची हजारो होते. मग शेपटीच्या अळ्या पुन्हा पाण्यात येतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून काही मिनिटांत आत जातात. पाणी पिण्याचीही गरज नाही. कपडे धुणारी बाई, पोहणारं पोर, म्हशी धुणारा माणूस, कुणीही सापडतो.

हे ऐकताना मला आमच्या घरचा बैल आठवला. मी सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे आम्ही निजामाच्या राज्यातून सुटून नुकतेच मुंबई राज्यात आलो होतो तेव्हाची गोष्ट. आमचा एक बैल घोरायला लागला. झोपेत नव्हे, चालतानासुद्धा. गोठ्यातून त्याचा आवाज रात्री घरात ऐकू यायचा. नाकातून शेंबूड आणि कधी रक्त. वडील म्हणायचे, म्हातारा झालाय. शेवटी जालन्याहून ढोरांचा डॉक्टर आला, त्याने नाकातला शेंबूड काचेवर घेतला आणि मग सुया टोचल्या. तो डॉक्टर वडिलांना "याच्या नाकात किडे आहेत, नदीच्या पाण्यातून येतात" असं म्हणाला, आणि वडील नंतर चार दिवस गावात हसून सांगत होते की डॉक्टराला काही कळत नाही, दुधनेच्या पाण्यात किडे असते तर गावातली सगळी ढोरं घोरली असती!

आज नातवाच्या पुस्तकातून कळलं की डॉक्टरचं बरोबर होतं. गुरांच्या नाकातल्या शिरांमध्ये राहणारा शिस्टोसोमा हा याच कुळातला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्यात एम. अनंतनारायण राव यांनी त्याचं वर्णन केलं. त्याचीही एक गोगलगाय असते, आणि ती आपल्या देशात डबक्या-तळ्यांत भरपूर आहे. हा कृमी गुरांचा, पण चालरीत तीच. म्हणजे आमच्या गोठ्यात जे होतं त्याचाच चुलतभाऊ गिमवीत माणसांच्या अंगात होता.

आता थोडा मोठा इतिहास.

हा रोग जुना म्हणजे किती जुना? १९१० साली मार्क आर्मंड रफर या डॉक्टरने इजिप्तमधल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत ही अंडी शोधून काढली. नाईलच्या काठी शेती करणाऱ्या माणसांच्या पाठीमागे तो तेव्हापासून लागलेला आहे. इजिप्तमध्ये आणि आफ्रिकेच्या अनेक भागांत वयात येणाऱ्या मुलांना लघवीतून रक्त जाणं इतकं सर्रास होतं की लोक तो रोग धरतच नसत. मुलगा मोठा होतोय, असं समजत. ज्याला रक्त जात नाही त्याचंच काहीतरी बिघडलंय असं वाटावं, अशी परिस्थिती!

कारण सापडलं ते १८५१ मध्ये. थिओडोर बिल्हार्झ नावाचा जर्मन डॉक्टर कैरोच्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात काम करत होता. वय सव्वीस. शवविच्छेदन करताना त्याला शिरांच्या रक्तात हे कृमी दिसले, आणि पुढच्या वर्षभरात लघवीतल्या रक्ताशी त्यांचा संबंध त्याने जोडला. त्याच्या नावावरून या रोगाला बिल्हार्झिया म्हणत. पण माणसाच्या अंगात कृमी शिरतो कसा, याचं उत्तर मिळायला आणखी साठ वर्षं गेली. १९१३ मध्ये जपानच्या मियाइरी आणि सुझुकी यांनी तिकडच्या शिस्टोसोमाची गोगलगाय शोधली, आणि १९१५ मध्ये रॉबर्ट लायपर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने इजिप्तमधल्या गोगलगाई ओळखल्या. औषध आलं १९१८ मध्ये, खार्टूमच्या ख्रिस्टोफर्सन यांनी अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शनं देऊन पाहिली तेव्हा. आठवडे न् आठवडे शिरेत सुया, ओकाऱ्या, हृदयाला धोका, असं ते औषध होतं. आज प्राझिक्वांटेल नावाच्या गोळ्या आहेत. त्या १९७० च्या दशकात आल्या, आणि बहुतेकांचं काम एका वेळच्या डोसात होतं.

आता आपल्याकडे या.

मुंबईच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच असे काही रुग्ण पाहिले होते. मुंबई हे बंदर. हजचे यात्रेकरू, खलाशी, आफ्रिकेत व्यापार करणारे, फौजेत जाऊन आलेले, सगळे तिथेच उतरायचे. त्यामुळे रुग्ण सापडला की खुलासा तयार असे, की बाहेरून घेऊन आला. हा रोग इथला असूच शकत नाही, याला शास्त्राचाही आधार होता. आफ्रिकेत या कृमीला सांभाळणारी बुलायनस जातीची गोगलगाय आपल्या देशात नाही. गोगलगाय नाही तर रोग नाही. हिशेब अगदी चोख.

आणि मग १९५२ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस'मध्ये डॉ. आर. के. गाडगीळ आणि डॉ. एस. एन. शहा यांचा निबंध आला. विषय होता, मुंबई राज्यात या रोगाचं एक स्थानिक ठाणं सापडल्याचा. गाव, गुहागर तालुक्यातलं गिमवी. समुद्र ओलांडून कुठेही न गेलेल्या माणसांच्या लघवीत काटेरी अंडी होती, आणि त्यांना ती गावातच मिळाली होती.

मग गोगलगाईचं काय? या दोघांनी गावचं पाणी तपासलं. बुलायनस नव्हतीच. होती ती फेरिसिया टेनुइस नावाची एक चिमुकली, डाळीच्या दाण्याएवढी, उलट्या टोपीसारख्या शिंपल्याची गोगलगाय. पाण्यातल्या दगडांना, पानांना चिकटून बसणारी. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं, कारण पुस्तकात तिचं नाव नव्हतं. हीच गिमवीत कृमी सांभाळते, असं त्यांनी मांडलं. १९५५ मध्ये या गोगलगाईला प्रयोगशाळेत संसर्ग देण्याविषयीचा त्यांचा पुढचा निबंध आला, आणि १९६३ मध्ये गाडगीळांनी भारतातल्या या रोगावर सविस्तर लिहिलं. एकाच गावाचा पाठपुरावा अकरा वर्षं! आमच्या इतिहासाच्या क्षेत्रात एका दप्तरापाठी आयुष्य घालवणारी माणसं मी ऐकली आहेत, ही त्याच जातकुळीची वाटली.

मला या गोष्टीतली एक बाब फार लागली. हिशेब चुकला नव्हता. "बुलायनस नाही" हे खरंच होतं. फक्त त्यावरून काढलेला "म्हणून रोग नाही" हा निष्कर्ष चुकला. इतिहासात आम्हीही हेच करतो. कागद मिळाला नाही की घटना घडलीच नाही असं म्हणून मोकळे होतो. ज्या माणसांबद्दल कुणी लिहून ठेवलं नाही, ती जणू नव्हतीच.

मी नातवाला विचारलं, "समजा उद्या तुझ्याकडे असा माणूस आला, तर तू ओळखशील कसा?"

त्याने आधी तपासण्या सांगितल्या. लघवी घ्यायची ती दुपारची, साधारण दहा ते दोनच्या दरम्यानची, कारण या कृमीची अंडी त्या वेळात जास्त पडतात. (सकाळची पहिली लघवी घेतली तर अंडं निसटू शकतं. म्हणजे घड्याळ चुकलं तर निदान चुकलं!) दहा मिलिलिटर लघवी बारीक छिद्रांच्या गाळणीतून दाबून काढायची आणि गाळणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. अंडं साधारण मिलिमीटरचा सातवा भाग लांब, लांबट, आणि शेवटाला काटा. काटा टोकाला असला तर मूत्राशयाचा शिस्टोसोमा, बाजूला असला तर आतड्याचा. एवढ्याशा काट्यावरून जात ठरते. अंडी थोडी असतील तर एका दिवशी सापडत नाहीत, पुन्हा पुन्हा बघावं लागतं. लघवीतलं न दिसणारं रक्त दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या असतात. रक्ताची एलायझा तपासणी असते. गिमवीतल्या लोकांच्या रक्ताची अशी एलायझा तपासणी करून केलेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पण रक्तातली ती खूण एवढंच सांगते की शरीराची या कृमीशी कधीतरी गाठ पडली होती. कृमी आज आत आहे की वीस वर्षांपूर्वी मेला, हे ती सांगत नाही. जिवंत अंडं दिसलं तरच पक्कं.

मग तो म्हणाला, "पण आबा, हे सगळं नंतर. आधी हिस्ट्री घ्यावी लागते."

मी चमकलो. "काय घ्यावी लागते?"

"हिस्ट्री. म्हणजे पेशंटला विचारायचं. त्रास कधीपासून, गाव कोणतं, पाणी कुठलं, नदीत उतरता का, काय खाता, घरात आणखी कुणाला आहे का. त्यातूनच सुचतं की काय तपासायचं. नुसती लघवी पाठवली आणि काय शोधायचं ते सांगितलंच नाही, तर लॅबवाला अंडं शोधणार कशाला?"

त्याने मणिपूरचं उदाहरण दिलं. तिथे खोकल्यातून रक्त पडणारे काही रुग्ण क्षयाचे समजून औषधं घेत होते आणि बरे होत नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्यांच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू नसून फ्लूक आहे. तो येतो कच्च्या किंवा अर्धवट शिजवलेल्या खेकड्यांतून. थुंकी तीच, सूक्ष्मदर्शक तोच. खेकडा कसा खाता, हा प्रश्न विचारला की बघण्याची नजर बदलते.

चौतीस वर्षं मी "हिस्ट्री" शिकवली. डॉक्टर लोक हाच शब्द "विचारणे" या अर्थाने वापरतात, हे पंच्याहत्तरीत कळलं.

इथे नारूची आठवण निघणं साहजिक आहे. आमच्या पिढीच्या मराठवाड्यातल्या माणसांना नारू सांगावा लागत नाही. पायऱ्यांच्या बारवेत लोक पाय घालून पाणी भरायचे, तेच पाणी प्यायचे, आणि वर्षभराने पायाला फोड येऊन त्यातून हातभर पांढरा दोरा बाहेर पडायचा. काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा ओढायचा, तुटला तर हाल. माझ्या चुलत्याच्या पायाला दोनदा झाला होता. १९८३-८४ मध्ये सरकारने नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू केला. आरोग्य कर्मचारी चित्र घेऊन वर्गात यायचे आणि पोरांना विचारायचे, "असं कुणाच्या घरी आहे का?" पोरं हात वर करून सांगायची. पायरीच्या विहिरी बंद केल्या, पाणी कपड्याने गाळा म्हणून सांगितलं. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

नारू हा फ्लूक नव्हे, वेगळ्या जातीचा कृमी. पण तो घालवता आला त्यामागे एक साधं कारण होतं. तो दिसायचा, आणि पायाबद्दल बोलायची कुणाला लाज नव्हती. लघवीचं तसं नसतं. ते बोलायचं कुणाजवळ? मुलांना बापाची भीती, बायकांना तर सगळ्यांचीच. या रोगात बायकांच्या जननमार्गातही अंडी अडकतात, त्रास होतो, आणि आफ्रिकेत कित्येकींवर भलताच संशय घेतला जातो. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जगात २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगासाठी औषधाची गरज होती, त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. म्हणजे पंचवीस कोटी माणसांचा प्रश्न, आणि निम्मी लढाई तोंड उघडण्याची.

याच संदर्भात नातवाने मला एक गोष्ट शोधून वाचून दाखवली. ती ऐकून मी रात्री उशिरापर्यंत जागा होतो.

टांझानियात किलोसा नावाचा जिल्हा आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथे प्रश्न असा होता की कोणत्या गावात हा रोग जास्त आहे हे कसं ओळखायचं. गावोगाव सूक्ष्मदर्शक नेण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा संशोधकांनी शाळामास्तरांना कामाला लावलं. शिक्षण खात्याच्या नेहमीच्या टपालाने मुख्याध्यापकांना एक साधा फॉर्म पाठवला. मास्तरांनी वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचं, गेल्या महिन्यात तुला खोकला होता का, ताप होता का, आणि अशा यादीच्या मधेच, लघवीतून रक्त जातं का. फॉर्म भरून परत पाठवायचे. बस्स. ज्या शाळांत जास्त मुलांनी हो म्हटलं, तिथे नंतर लघवी तपासली. आणि मास्तरांच्या फॉर्मवरून निघालेला अंदाज बरोबर ठरला! १९९१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांत ही पद्धत पारखून पाहिली आणि १९९५ मध्ये त्याचाही अहवाल आला. जिथे पैसा नाही तिथे मास्तरचा प्रश्न सूक्ष्मदर्शकाचं निम्मं काम करतो, हे सिद्ध झालं.

मास्तरचा प्रश्न! मंडळी, आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हा सगळा लेख लिहितोय.

१९८३ सालची गोष्ट. मी आठवीच्या वर्गाला होतो. शाळेचं नाव सांगत नाही, आणि मुलाचंही नाही. एक पोरगा दर तासाला दोनदा उठायचा. "सर, लघवीला जाऊ?" आधी जाऊ दिलं. मग मला वाटलं, हा टिवल्याबावल्या करतोय. बाहेर जाऊन बराच वेळ यायचा नाही. एक दिवस मी म्हणालो, "तास संपेपर्यंत उठायचं नाही." तो उभाच राहिला. मी म्हणालो, "मग उभाच राहा." पानिपत शिकवत होतो, चांगलं आठवतं. मी फळ्याकडे तोंड करून तारखा लिहीत होतो आणि मागे वर्ग हसायला लागला. वळून पाहिलं तर त्याची चड्डी ओली झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्याची माय शाळेत आली. ती दाखला मागायला आली होती. मी कारण विचारलं तर पदराने तोंड पुसत म्हणाली, "सर, लेकराला लघवी तांबडी व्हायलीय. कव्हापासून हाय ते बी सांगंना. रडतंय निसतं."

औरंगाबादला घाटी दवाखान्यात नेलं. तिथे फोटो काढला तर मूत्राशयात खडा, चांगला सुपारीएवढा. ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. हा फ्लूक नव्हता, हे स्पष्ट सांगतो. आमच्या दुधनेच्या पाण्याची बदनामी करायची नाही. पण रक्त तेच होतं, जळजळ तीच, आणि लाजही तीच. दोन-चार महिने तो माझ्यासमोर रोज उठून उभा राहत होता. त्याच्या दुखण्याचा जितका पुरावा हवा तितका माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर होता. मी एकदाही त्याला बाजूला घेऊन विचारलं नाही, "बाळा, काही त्रास होतो का रे?"

त्याचं ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या शाळेत गेला. मी ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती, घरातसुद्धा.

नातू परत गेल्यावर मी त्याला भेटायला गेलो. आता तो पंचावन्नच्या आसपास आहे, जालना रोडला त्याचं दुकान आहे. अधूनमधून दिसतो, नमस्कार करतो, मीही करतो, त्यापलीकडे बोलणं नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी म्हणालो, "तुला आठवीतलं आठवतं का?" तो हसला. "सर, ते कुणी विसरतं का?"

मी माफी मागितली. कशी मागितली ते मला नीट सांगता येणार नाही, जीभ जड झाली होती. तो गडबडला, "अहो सर, काय हे, तुम्ही कशाला..." असं काहीतरी म्हणत राहिला. मग दोघेही गप्प बसलो. चहा आला. थोड्या वेळाने मी विचारलं, "मी तेव्हा विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस का?"

त्याने खरंच विचार केला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "माहीत नाही सर. लई लाज वाटायची. पहिल्यांदा नसतंच सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर, सांगितलं असतं बहुतेक."

तेव्हापासून ते "दुसऱ्यांदा" माझ्या डोक्यातून जात नाही. अंडी थोडी असतील तर एका दिवशी सापडत नाहीत, पुन्हा पुन्हा बघावं लागतं, असं नातू म्हणाला होता. माणसांचंही तसंच दिसतंय.

मी गिमवीला गेलेलो नाही. तिथल्या आजच्या माणसांना एका परीक्षेच्या प्रश्नामुळे ओळखलं जाणं आवडत नसेल, आणि ते रास्तच आहे. पण कुणीतरी त्या गावात जाऊन माणसांना विचारलं, त्यांच्या लघवीचे कप हातात धरले, ओढ्यातले दगड उलटे करून पाहिले, म्हणून ते नाव पुस्तकात आलं. विचारलं नसतं तर रोग तिथेच राहिला असता आणि पुस्तकात "भारतात आढळत नाही" अशी सुबक ओळ राहिली असती.

माझ्या वाचकांत तीन-चार शिक्षक आहेत, दोन भाच्या शाळेत आहेत, एक सून अंगणवाडीचं काम बघते. तुम्हाला एकच सांगणं आहे. वर्गातलं एखादं पोर सारखं उठत असेल, सारखं गप्प असेल, अचानक येईनासं झालं असेल, तर त्याला बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत नको. आणि पहिल्यांदा "काही नाही सर" म्हणालं, तर आठ दिवसांनी पुन्हा विचारा.

बाकी सगळं ठीक. सोमठाण्याच्या धरणात यंदा पाणी चांगलं आहे. नातवाची परीक्षा जवळ आली आहे, त्याला गिमवीचा प्रश्न आला तर मी पेढे वाटणार आहे.

कळावे, लोभ असावा.